वेणी मागे टाकली की भडगाव

शेवटी मी टाइमआउट मागितला. पाचही मुली बाकापाशी येऊन धापा टाकायला लागल्या. मी विजयाला विचारलं, "तुझा आवाज कुठे गेला?"

ती नॅपकिनने मान पुसत राहिली.

"घसा बसलाय का?"

"नाही मॅडम."

"मग प्ले का सांगत नाहीस? पंधरा मिनिटं झाली. चौघी तुझ्या तोंडाकडे बघताहेत आणि तू जमिनीकडे."

रंजना, आमची सगळ्यात भरवशाची शूटर, पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता म्हणाली, "मॅडम, ती बोलूनच नाही राहिली. मघाशी मला काय म्हणे, ताई, जरा डावीकडे सरकता का?"

"ताई? तुला?"

बाकीच्या खो खो हसायला लागल्या. विजया मात्र हसली नाही. तिने नुसत्या डोळ्यांनी मैदानाच्या पलीकडे दाखवलं. तिथे कडुलिंबाखाली लोखंडी खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ ताठ बसले होते. दोन्ही हात काठीच्या मुठीवर, नजर सरळ आमच्यावर. ते रंजनाचे वडील, भडगावचे नाना. आणि तीन आठवड्यांपासून विजयाचे होणारे सासरे.

मग माझ्या लक्षात आलं की इतक्या थंडीनंतरच्या त्या लख्ख उन्हात विजया पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट घालून का खेळत होती. वेंधळेपणात माझा हात कोणी धरू शकत नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. मी जळगावच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत होते आणि मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोचही होते. धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. सकाळी सेमीफायनल, दुपारी चारला फायनल. निघताना प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एकच सूचना केली होती.

"देवरे मॅडम, ट्रॉफी आणली नाही तरी चालेल. तक्रार आणू नका."

"कसली तक्रार, सर?"

"मुलींची टीम आहे. कसलीही येऊ शकते."

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बास्केटबॉलमध्ये सेट प्ले म्हणजे आधी ठरवून ठेवलेली चाल. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कुठून पळायचं, बॉल कोणाकडे जायचा, सगळं ठरलेलं. त्याचा हेतू साधा असतो. आपल्यापैकी एका मुलीला रिंगच्या अगदी जवळ, दोन सेकंद एकटीला सोडायचं. तिच्या आसपास कोणी नको. म्हणजे तिला काही करामत करावी लागत नाही, बॉल उचलून फळीवर टेकवला की काम झालं. लांबून अवघड शॉट घातला की टाळ्या पडतात खऱ्या, पण दहातले सात बाहेर जातात. मी टाळ्यांच्या वाटेला कधी गेले नाही. मला सोपे बास्केट आवडायचे, आणि ते आखायला तर त्याहून आवडायचे.

मला लहानपणापासून उघड्या डोळ्यांनी झोपायची सवय. भाजी निवडता निवडता मी कुठल्या कुठे जाते. तसं झालं की मला गोल दिसायचे. पाच आपले, पाच त्यांचे. ते हळूहळू एकमेकांच्या बाजूने सरकायचे, एक थांबायचा, दुसरा त्याच्या आडून निघून जायचा आणि मधे एकदम मोकळी जागा उघडायची. ती जागा दिसली की मला काय आनंद व्हायचा, ते आजही सांगता येत नाही. जळगावच्या स्टँडवर बस लागल्यावर माणसं दाराकडे धावतात आणि एखादी बाई शांतपणे मागून फिरून खिडकीतून रुमाल टाकते, तेव्हाही मला तीच जागा दिसायची. घरी मी स्टीलच्या ताटात चाली मांडायचे. आपल्या मुली म्हणजे सरकीचे दाणे, समोरच्या म्हणजे शेंगदाणे. एकदा मी दूध उतू जातंय म्हणून उठले आणि परत येईपर्यंत यजमानांनी समोरचा अख्खा डिफेन्स खाऊन टाकला होता. वर म्हणाले, "खारट असते तर बरं झालं असतं."

या चालींना नावं लागतात. आकडे दिले तर मुली घोळ घालायच्या. म्हणून मी गावांची नावं दिली. शेवटी ज्या मुलीला सोपा शॉट मिळणार, तिच्या गावाचं नाव. "पिंपळनेर" म्हटलं की शॉट सुमनचा. ही आमची सगळ्यात उंच मुलगी, साक्री तालुक्यातली. "भडगाव" म्हटलं की रंजनाचा. आणि "पिंप्राळा" म्हणजे विजयाचा, कारण तिचं घर जळगावातल्या पिंप्राळ्यात. पण पिंप्राळा नुसता माझ्या वहीतच होता. चाली सांगायचं काम विजयाचं, आणि तिने स्वतःचं गाव कधी घेतलंच नाही. मी विचारलं तर म्हणायची, "मॅडम, मी दिलं काय आणि मी घातलं काय, दोन पॉइंटच ना?"

आमची सगळ्यात चालणारी चाल भडगाव. विजया मधोमध बॉल घेऊन उभी. सुमन रिंगजवळ एका जागी भिंतीसारखी उभी राहणार. रंजना तिच्या खांद्याला खांदा घासून पळत जाणार. रंजनाच्या मागे लागलेली मुलगी सुमनवर आपटणार, किंवा वळसा घालून येणार. याला स्क्रीन म्हणतात, आपल्या भाषेत आड धरणं. तेवढ्यात रंजना मोकळी. विजयाचा पास, आणि बास्केट. यात अवघड काहीच नाही. फक्त पाचही मुलींनी एकाच क्षणी निघायला हवं, आणि त्यासाठी कोणीतरी हाक द्यायला हवी. ती हाक विजयाची होती. काय आवाज होता तिचा! मैदानाच्या या टोकावरून तिने "भडगाव" म्हटलं की त्या टोकाला चहा पिणारा माणूस कपावरून नजर वर करायचा. "ए रंजे, झोपलीस का? हल की!" असं ती भर मॅचमध्ये ओरडायची आणि रंजना हलायचीही.

पण दिवाळीनंतर रंजनाच्या मोठ्या भावासाठी विजयाचं स्थळ आलं. म्हणजे रंजनानेच घरी सुचवलं होतं. सुपारी फुटली, साखरपुडा झाला आणि माझी टीम एका दिवसात नातेवाइकांची झाली. रंजी आता नणंद. वयाने सहा महिन्यांनी लहान असली तरी नणंद ती नणंद. विजया तिला "ताई" म्हणायला लागली. प्रॅक्टिसला आम्ही त्यावरून खूप हसलो. मीही हसले. कोच म्हणून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मी सरकीचे दाणे सरकवण्यात गुंग होते.

यात विजयाचं एक मोठं स्वप्न अडकलं होतं. तिला बी.पी.एड. करायचं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढचं एक वर्ष शिकायला मिळालं असतं तर ती माझ्यासारखी खेळाची शिक्षिका झाली असती. पण मुलाकडच्यांना लग्न येत्या उन्हाळ्यात हवं होतं. तिच्या वडिलांनी हात वर केले, "आता तू त्यांची. नाना म्हणतील ते." आणि नाना काय म्हणाले होते, तर "मी एकदा तिचा खेळ बघतो, मग सांगतो." ते आज बघायला आले होते. एका वर्षाचा निकाल त्या कडुलिंबाखाली बसला होता, आणि हे मला सेमीफायनलच्या टाइमआउटमध्ये कळत होतं.

"ते बघताहेत म्हणून तू बोलत नाहीस?" मी विचारलं.

"मॅडम, त्यांच्या समोर त्यांच्या मुलीवर कशी ओरडू? आणि गावाचं नाव घेऊन? इतक्या लोकांत?"

मला राग आला, तिचा नाही, सगळ्याचाच. पण ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे होणाऱ्या सासऱ्यासमोर मुलगी आवाज चढवत नाही, आणि ज्या मुलीला त्याच सासऱ्याकडून काही मागायचंय ती तर नाहीच नाही.

ती मॅच आम्ही कशीबशी काढली. सुमनची उंची आणि समोरच्यांचे फाउल यांच्या जोरावर. चाल एकही नाही. तीन पॉइंटनी जिंकलो, आणि मुली जिंकून आल्या तरी चेहरे पडलेले.

दुपारी आम्ही त्याच कडुलिंबाखाली जेवायला बसलो. रंजनाच्या आईने नानांबरोबर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या पाठवल्या होत्या. हिवाळ्यातली खानदेशी दुपार तुम्हाला माहीत असेल तर ठीक, नसेल तर सांगून कळणार नाही. ऊन असतं पण लागत नाही. सावलीत बसलं की अंगावर शाल घेतल्यासारखं वाटतं. लांब कुठेतरी पंपाचा टुकटुक आवाज, लिंबाची वाळकी पानं एकेक करून खाली येत होती, आणि माझे डोळे उघडे होते, पण मी तिथे नव्हते.

नाना पुरी तोडत त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, हाई पोर सकायपाईन बोलनी नही."

"कोण, विजया? सकाळपासून?"

"हां. बठ्ठ्या पोरी वरडतस, हाईच गप शे. अशीच शे का ती?"

मला वाटलं, देवच पावला. मी ताबडतोब मान डोलावली. "अगदी अशीच आहे, नाना. फार शांत मुलगी. वर्गात असून नसल्यासारखी."

मागे सुमनला ठसका लागला. नानांनी "हं" म्हटलं आणि भरिताकडे बघत बसले. त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला, पण मी समजले, विचार करताहेत. माणूस समाधानी झाला की गंभीर होतो, असा तेव्हा माझा समज होता.

मी झाडाला टेकले आणि बघत राहिले. विजया वाढत होती. ती नानांशी एक शब्द बोलत नव्हती, आणि नानाही तिच्याशी नाही. काही सांगायचं झालं तर ते रंजनाला म्हणायचे, "तिले सांग, आते तू बी जेवी ले." पण वाढणं अडत नव्हतं. विजयाने भरिताच्या डब्याकडे बघितलं की रंजना डबा पुढे करायची. नानांनी ताटावर आडवा हात धरला की पुऱ्यांची टोपली आपोआप मागे जायची. विजयाने ट्रॅकसूटवर घेतलेली ओढणी खांद्यावर नीट केली की सुमन उठून पाण्याचा जग घ्यायची. का, तर विजया उठायच्या आधी नेहमी ओढणी नीट करते, हे सुमनला कधीचं ठाऊक. कोणी काही म्हणत नव्हतं आणि सगळ्यांचं जेवण चाललं होतं.

मला गोल दिसायला लागले. ताट, डबा, जग, हात. एक थांबला, दुसरा त्याच्या आडून गेला, मधे जागा उघडली. त्या अर्धवट झोपेत मला असं वाटलं की मी आयुष्यभर चुकीच्या ठिकाणी चाली शोधत होते. आपल्या घराघरांत रोज चाली चालतात, आणि हाक न देता चालतात. त्या दुपारी मी इतकी सुखात होते की फायनल आहे हेही विसरले होते.

मग एकदम उठले. "विजया, रंजना, सुमन. सगळ्या इकडे या. मैदानाच्या मागे."

वीस मिनिटांत सगळं बसवलं. विजयाला खेळताना वेणी पुढे यायची सवय होती. वेणी मागे टाकली की भडगाव. मनगटाने कपाळ पुसलं की पिंपळनेर. बॉल एका जागी दोनदा थोपटला की पिंप्राळा, "पण हे तू घेणार नाहीस, मला माहीत आहे," मी म्हटलं. खूण झाल्यावर मनात तीन मोजायचे आणि निघायचं. हाक नाही, नाव नाही, ताई नाही.

रंजना म्हणाली, "मॅडम, म्हणजे ही मला नुसत्या वेणीने पळवणार?"

"तुला आयुष्यभर हेच बघायचंय," सुमन म्हणाली.

फायनल यजमान धुळ्याच्या कॉलेजशी होती. त्यांचे सर हुशार. आदल्या वर्षी त्यांनी आमच्या गावांचा उलगडा करून टाकला होता. "भडगाव" म्हटलं की त्यांच्या दोन मुली रंजनाकडे धावायच्या, आणि आम्ही हरलो होतो. या वेळीही सुरुवातीलाच ते बाकावरून ओरडले, "नावं ऐका, नावं!" आता नावं आली तर ऐकतील ना? विजयाने वेणी मागे टाकली. एक, दोन, तीन. सुमन उभी, रंजना तिच्या खांद्याजवळून गेली, मागची मुलगी थेट सुमनवर. बॉल रंजनाच्या हातात आला तेव्हा तिच्या आसपास निदान चार हात जागा होती. बास्केट.

पुढची पंधरा-सतरा मिनिटं मी बाकावर बसून स्वप्न बघत होते असंच म्हणा. मुरमाचं मैदान, फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कलत्या उन्हात मुलींच्या लांबच लांब सावल्या, आणि कोणी काही बोलत नाही. फक्त बॉलचा आवाज आणि बुटांची खरखर. माझ्या ताटातले दाणे आपणहून सरकत होते. कपाळ पुसलं, सुमन मोकळी. वेणी, रंजना मोकळी. धुळ्याचे सर उठले, बसले, पुन्हा उठले. हाफ टाइमला आम्ही नऊ पॉइंटनी पुढे होतो. मी कडुलिंबाकडे बघितलं. नाना काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. मी मनात म्हटलं, झालं, वर्ष मिळालं पोरीला.

दुसऱ्या हाफमध्ये जे व्हायचं ते झालं. धुळ्याच्या मुली काही आंधळ्या नव्हत्या. वेणीचं गुपित त्यांना शेवटच्या दहा मिनिटांत कळलं. नऊचे सहा झाले, सहाचे दोन. मग त्या एका पॉइंटने पुढे गेल्या. माझे टाइमआउट संपले होते. घड्याळात अकरा सेकंद आणि बॉल विजयाकडे.

तिने वेणी मागे टाकली. मी कपाळाला हात लावला. कारण मला बाकावरून स्पष्ट दिसत होतं, धुळ्याच्या तीन मुली आधीच रंजनाच्या वाटेत सरकल्या होत्या. रंजना निघाली असती तर सरळ त्यांच्या तावडीत गेली असती. विजयालाही ते दिसलं. सांगायला वेळ नव्हता, खुणेचं तर नावच नको. रंजनाने पहिलं पाऊल उचललं होतं.

"रंजेऽऽ! थांब तिथेच! हललीस तर बघ! पिंप्राळाऽऽ!"

अख्खं मैदान दचकलं. पंचांनीसुद्धा मान वळवली. रंजना जागच्या जागी थिजली, जुन्या सवयीने. विजया बॉल घेऊन तिच्याच अंगाजवळून गेली. तिच्या मागे लागलेली मुलगी रंजनावर आपटली. बाकीच्या चुकीच्या बाजूला. आणि विजया रिंगखाली एकटी. इतकी एकटी मी कोणत्याही मुलीला कोणत्याही चालीत सोडू शकले नव्हते. चाल माझीच होती, वहीतली, कधी न वापरलेली, फक्त आड धरायला सुमनऐवजी रंजना होती. जगातला सगळ्यात सोपा शॉट.

बॉल हातातून सुटला, फळीला लागला, रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

शिट्टी वाजली. एका पॉइंटने हरलो.

तो शॉट का गेला, ते मला माहीत आहे. तिची नजर रिंगकडे नव्हती. आपण काय ओरडलो हे तिला तेवढ्यात उमगलं आणि तिने कडुलिंबाकडे बघितलं. सोपी संधी मिळवून देईपर्यंत कोचचं काम. त्या क्षणी मुलीच्या मनात कोण उभं असेल, त्याला आड धरणारी चाल माझ्याकडे नव्हती.

धुळ्याच्या मुली नाचत होत्या. विजया माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली, डोक्यावर नॅपकिन. रडतही नव्हती. नाना उठले. काठी टेकत मैदान ओलांडून, फक्कीच्या रेषा तुडवत, सरळ आमच्याकडे यायला लागले. प्राचार्य आठवले. मी नाना पोचायच्या आधीच सुरू झाले, "नाना, खेळाच्या भरात होतं असं. तिच्या मनात काही नसतं. एरवी ती खरंच फार..."

नानांनी हात आडवा धरला. ताटावर धरतात तसा.

"मॅडम, मी सकायपाईन वाट दखी राहिंतू," ते म्हणाले.

"वाट बघत होता? कशाची?"

"हाई पोर कव्हय बोलस म्हनीसन." ती कधी बोलते याची! त्यांनी काठीने रंजनाकडे दाखवलं. "मन्ही रंजी घर सांगे, वहिनी मैदानवर बठ्ठास्ले हालावस. मी म्हनं, दखूत ते खरं. नि सकायपाईन दखस, ते हाई मुकी! तुम्हीन बी सांगं, अशीच शे." मग पहिल्यांदाच माझ्या खांद्यावरून सरळ विजयाकडे बघून बोलले. "तुले मास्तरीण व्हवानं शे ना? मुकी मास्तरीण काय कामनी? आज वरडनी, आते माले पटनं. एक वरीस थांबसूत आम्ही."

विजयाने नॅपकिन खाली घेतला. मग वाकून त्यांच्या पाया पडली. तिला हुंदका आला तो तेव्हा, हरल्याचा नव्हे.

रंजना पाय चोळत म्हणाली, "नाना, आणि मला जे आपटलं त्याचं काय?"

"तू हालनी नही, ते चांगलं कय," नाना म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मुली पारोळ्यापर्यंत गात होत्या. मी खिडकीशी बसले होते, बाहेर कपाशीची शेतं मावळतीत पांढरी दिसत होती, आणि मला एकही गोल दिसत नव्हता. मी फक्त हिशोब लावत होते की हा माणूस सकाळपासून तिथे बसलाय, दुपारी माझ्यासमोर जेवलाय, त्याने मला स्पष्ट विचारलंय, आणि मी त्याला काय हवं हे एकदाही विचारलं नाही. उलट त्याला नको तेच मी कौतुकाने सांगितलं. विजयाने तिच्या मनातले सासरे धरून चाल केली, मी माझ्या मनातले. खरे नाना खुर्चीवर ताटकळत राहिले. मला माझीच इतकी लाज वाटली की एरंडोलला चहासाठी बस थांबली तरी मी उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, "काय झालं?"

"हरलो, सर. एका पॉइंटने."

"तक्रार?"

"नाही."

"मग उत्तम." त्यांनी फाइल पुढे ओढली.

विजयाने बी.पी.एड. केलं, मग लग्न केलं, आणि भडगावातच एका शाळेत लागली. चार-पाच वर्षांनी एका शिबिरासाठी मी तिकडे गेले होते. शाळा नेमकी कुठे हे विचारायला मी गिरणेच्या पुलाजवळ रिक्षा थांबवली. ते विचारावं लागलं नाही. दोन गल्ल्या पलीकडून आवाज आला, "ए, झोपलीस का? हल की!" रिक्षावाला हसला आणि त्या दिशेने वळला.

मैदानाच्या कडेला, सावलीत, खुर्ची टाकून नाना बसले होते. थकले होते, पण टोपी तशीच. मी शेजारी बसले आणि या वेळी आधी विचारलं, "नाना, काय बघताय?"

"बघस कुठे," ते डोळे मिटूनच म्हणाले, "ऐकी राहिनू."